बर्गे काढायची वेळ

सोलापूरच्या माणसाला वाहतं पाणी दाखवा, तो आधी एकच विचारणार, "हे अडवलं का न्हाय?" मीपण तसंच विचारलं होतं, आणि तेही समुद्रापासून कोसभरावर उभी राहून.

माझी मुलगी कोकणात दिली आहे, खाडीकाठच्या गावात. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा विहीणबाई मला शेत दाखवायला घेऊन गेल्या. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं आणि मधून मातीचा लांबच लांब बांध. त्या बांधात एका जागी लाकडाची जाड झडप बसवलेली. तिला तिकडं उघाडी म्हणतात. भरतीचं खारं पाणी चढलं की ते झडपेला बाहेरून रेटतं आणि झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं गोडं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मी गेले तेव्हा ओहोटी होती. चांगलं पिण्याजोगं पाणी खळाखळा खाडीत चाललेलं. माझा जीव कळवळला की.

"विहीणबाई, एवढं गोडं पाणी आणि तुम्ही समुद्राला घालवता? आमच्याकडं असतं तर ह्या फळीला मी कुलूप लावलं असतं."

"लावा की," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांनी भात नाकापर्यंत बुडेल. मग किल्ली घेऊन पोहत तुम्हीच जा."

मी हसले, पण मनात म्हटलं, ह्या बाईला तहान म्हणजे काय ते ठाऊक नाही.

आता आमच्या पाण्याचं सांगते. मंद्रूपच्या पुढं, सीना नदी भीमेला मिळायच्या थोडी आधी, काठावर आमचं गाव आहे. गावाखाली नदीत बंधारा आहे. बंधारा म्हणजे धरण नव्हे. ओळीनं दगडी खांब, वरून जायला-यायला स्लॅब, आणि खांबांच्या खाचांमध्ये वरून सरकवायच्या लोखंडी फळ्या. त्या फळ्यांना बर्गे म्हणतात. पावसाळा सरला, नदी निवळली की बर्गे घालायचे, मागं पाणी साठतं, त्याच्यावर उन्हाळा काढायचा. आणि मृग लागायच्या आत बर्गे काढून काठावर रचून ठेवायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. आमच्या गावात घालायची वेळ कधी चुकली नाही. काढायची वेळ आली की मात्र जो तो चार दिवस पुढं ढकलायला बघायचा. हाताशी असलेलं पाणी स्वतःच्या हातानं सोडून द्यायचं आणि वर आभाळाकडं बघत बसायचं, हे सोपं आहे होय?

मी आता वर्षातले बरेच महिने मुलाकडं जुळे सोलापुरात असते. तिथं फ्लॅटमध्ये नळाला पाणी आलं की सगळी बिल्डिंग जागी होते आणि पिंपं, बादल्या, पातेली, चहाची किटलीसुद्धा भरून ठेवते. ती सवय अंगात घेऊनच मी दर उन्हाळ्यात गावी जाते. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीपण गेले होते.

त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं, तर बर्गे वेळेवर काढले आणि पावसानं महिनाभर तोंड दाखवलं नाही. नदीत नुसते गोटे राहिले. टँकर आला की बायका एकमेकींच्या घागरी लाथाडायच्या. ते सगळ्यांच्या मनात ताजं होतं. म्हणून त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी पाटबंधारे खात्याचा माणूस चार मजूर आणि साखळीची कप्पी टेंपोत घालून आला, तेव्हा आम्ही बायका बंधाऱ्याच्या स्लॅबवर जाऊन बसलो. कुणी काही ठरवलं नव्हतं. एक बसली म्हणून दुसरी बसली. आणि पुढं कोण? तर मी. माझं तोंड मला मागं बसू देत नाही.

तो माणूस शांत होता. म्हणाला, "आजी, नियम हाय. पाऊस कवापण यील."

मी म्हटलं, "आधी पाऊस दाखवा, मग बर्गे काढा."

बायका हसल्या. मजूरपण हसले. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

एकटी हसली नाही ती माझी धाकटी जाऊ. तिचं घर बंधाऱ्याच्या खांद्यालाच आहे. खांदा म्हणजे बंधारा जिथं काठाच्या मातीत घुसतो ती जागा. तिथून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या, त्याहून जवळ तिची विहीर, आणि पुढं दीड एकर वावर. दीर गेल्यापासून ती एकटीच ते बघते. पुराला मधून वाट मिळाली नाही की तो बगलेतून वाट काढतो आणि बगलेत पहिलं तिचंच घर. ती अक्कलकोटकडची. जीव घाबरला की तिची कानडी बाहेर येते. माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "बेडा अक्का, बेडा." म्हणजे नको. "पाणी माझ्या दारातनं जाईल."

आणि मी काय म्हणावं? मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुझ्या एकटीच्या भिंतीपायी गावानं तहानलेलं मरायचं व्हय गं?"

ती पदर डोक्यावर घेऊन घराकडं गेली.

पाटबंधाऱ्याच्या माणसानं कागद काढला. "बर्गे आमच्या जबाबदारीवर राहू द्यावेत असं लिहून द्या," म्हणाला. लिहिलं मीच. शाळेत मी गेले नाही, मुलांच्या पुस्तकांवरून एकेक अक्षर गोळा करत लिहायला शिकले. सरकारी कागदावर माझ्या हातची पहिली सही ती. ठसा नव्हे, सही. मी ती दोनदा वाचून बघितली.

आठवड्याभरानं मुलगी सुट्टीला आली आणि तिच्याबरोबर विहीणबाईपण आल्या. त्यांना सोलापूरचा उन्हाळा बघायचा होता म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बंधाऱ्यावर घेऊन गेले. मागच्या बाजूला पाणी काठोकाठ, पुढं कोरडं पात्र. मला वाटलं, बाई आता म्हणेल, काय राखलंय पाणी.

त्यांनी इकडून तिकडं चालून बघितलं आणि विचारलं, "ह्याची उघाडी कुठे आहे?"

"ह्याला उघाडी नसते. हे बर्गेच काढायचे."

"मग काढले का नाहीत? तुमच्याकडे पाऊस लागायला किती दिवस आहेत?"

मी सगळी हकिगत सांगितली, माझं वाक्यसुद्धा सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी बोलायचं आणि मग बघायचं, असं आहे हो तुमचं."

मला राग आला. पण पाहुणी. मी त्यांना जावेच्या घरी चहाला नेलं. स्लॅबवरच्या त्या दिवसापासून जाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. विहीणबाई मात्र सरळ तिच्या वावरात शिरल्या. नदीकडच्या पट्ट्यात जमिनीवर पांढरं फुटलेलं होतं, पीठ सांडल्यासारखं. त्यांनी खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि चक्क जिभेला लावली.

"ही तर आमची खारी माती," त्या म्हणाल्या. "इथे कुठून आली?"

जाऊ म्हणाली, "पाणी सहा-आठ महिने खांद्याला टेकून ऱ्हातं. मग असं फुटतं. गेल्या सालापासनं हितं ज्वारीपण यीना."

"बाई गं, पाणी साठलं की मीठ वर येतं. आमच्याकडे पहिले दोन-तीन पाऊस आम्ही शेतात राहूच देत नाही. येऊन धुऊन जाऊ देत म्हणतो. तुमच्या जाऊबाई मला विचारत होत्या, गोडं पाणी का घालवता. मीठ न्यायला घालवतो हो. आणि माशांना वर यायला. खाडीतला मासा अंडी घालायला वर चढतो, त्याला दार उघडं लागतं."

"हितंपण चढतो," जाऊ म्हणाली. "वळवाचं नवं पाणी आलं की ह्या फळ्यांवर डोकी आपटतो. मी बघते की दरसाली."

त्या दोघी एकमेकींशी बोलत राहिल्या आणि मी मधे कप हातात घेऊन बसले. चाळीस वर्षं मी त्या नदीवर धुणं धुतलं आणि मासा डोकं आपटतो हे मला माहीत नव्हतं. खरं तर जाऊ कधी बोलली असेल. मी ऐकलं नसेल.

त्यानंतर चारच दिवसांनी नदी आली. आमच्याकडं ढगाचा ठिपका नव्हता. ऊन रणरणत होतं, वाळवणं पसरलेली होती. पाऊस पडला होता वर, लांब, आणि मृगाच्या आधीच. सकाळी न्याहारीच्या वेळी कुणीतरी सांगत आलं, पाण्याचा रंग बदलला. आम्ही जाईपर्यंत पाणी गढूळ तांबडं होऊन बर्ग्यांच्या वरच्या कडेला आलं होतं. त्याच्यात उपटलेल्या वेड्या बाभळी, उसाचं पाचट, कुणाच्या मोटारीचा पाईप, सगळं येऊन फळ्यांना अडकत होतं. पाटबंधाऱ्याच्या माणसाला फोन झाला. तो मंद्रूपला होता, अर्ध्या तासात मजूर घेऊन आला. त्यानं मला पाहिलं आणि चपला काढता काढता म्हणाला, "आजी, पाऊस बघायचा होता नव्हं? बघा."

मी त्याच्या चपला उचलून कडेला ठेवल्या.

त्यांनी साखळी लावली आणि मधल्या दोन खांबांच्या गाळ्यातला वरचा बर्गा ओढायला सुरुवात केली. हलेना. मागून सगळी नदी त्या फळीला दाबून धरत होती आणि पुढून तिला टेकू द्यायला काही नव्हतं, फळी खाचेत गच्च. दोन कड्या वाकल्या. मग जावेच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं. खांद्याच्या कडेनं बोटभर धार वावरात उतरली होती. बघता बघता ती मनगटाएवढी झाली. मातीचा एक लपका सुटला, मग दुसरा. तिच्या गोठ्याची भिंत पायातून ओली झाली. शेरडं तिनं आधीच सोडून माझ्या मुलीच्या हाती दिली होती. ती स्वतः विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती, ओरडत नव्हती, रडत नव्हती. ते मला बघवेना. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघितलंपण नाही.

लोक पोती भरायला धावले. मीपण माती ओढली, पदरात, घमेल्यात, मिळेल त्यात. पोतं टाकलं की धार त्याच्या कुशीतून निघायची.

विहीणबाई एवढा वेळ स्लॅबवर बसून पलीकडं, खालच्या अंगाला बघत होत्या. आम्हाला कुणाला तिकडं बघायची शुद्ध नव्हती. त्यांनी हाक मारली. "अहो, ते खालचं पाणी कुठून येतं आहे?"

बंधाऱ्याच्या खाली सकाळी कोरडं असलेलं पात्र भरत होतं. पण वरून पडणाऱ्या पाण्यानं नव्हे. पाणी खालून वर येत होतं, संथ, काठाचा पाचोळा उलटा ढकलत. एक म्हातारे होते, ते म्हणाले, "भीमा तुंबली. भीमेला पूर आला की आमच्या सीनेला पुढं जाऊ देत न्हाय, पाणी फुगून मागं येतंय. आता मेलोच."

"मेलात कसे?" विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "ही तुमची भरती आहे. साखळी थांबवा. आत्ता ओढू नका."

पाटबंधाऱ्याचा माणूस वैतागला. "बाई, खालनं पण पाणी, वरनं पण पाणी, आन थांबू कशाला?"

"वरच्यानं फळी दाबून धरली आहे. खालचं चढू दे. दोन्हीकडे पाणी एका पातळीला आलं की फळी दोघांच्या मधे ढिली पडते. आमची उघाडी अडकली की आम्ही त्याच वेळेची वाट बघतो. तेव्हा हातानं उचलते. आधी ओढाल तर साखळी तोडाल."

त्यानं वाकून खालच्या पाण्याची पातळी बघितली. मग मजुरांना म्हणाला, "बसा." मजूर बसले. सगळ्या गावात तेवढेच बसलेले, बाकी आम्ही माती टाकतोय.

ते वाट बघणं मी जन्मात विसरणार नाही. धार चालूच होती. गोठ्याची भिंत बसली, पायरीखाली उतरावं तशी हळूच बसली. पाणी विहिरीपासून दोन हातांवर आलं. जाऊ तिथून हलेना, म्हणून मीपण हलेना. माझ्या डोक्यात तेवढा एकच कागद फिरत होता आणि त्याच्यावरचं पहिलं नाव.

मग स्लॅबवरून आवाज आला, "हलली."

खालचं पाणी फळीच्या वरच्या कडेपासून हातभर खाली राहिलं होतं. पहिला बर्गा कुरकुरत आला. दुसरा त्याहून सहज. तिसऱ्याला तर दोघांनी नुसता हात लावला. कंबरेला दोर बांधलेले मजूर एकेक फळी वर घेत होते आणि मधल्या गाळ्यातून नदी पुढं सरकायला लागली. एक गाळा, दोन गाळे, चार गाळे. तुंबलेल्या बाभळी त्यातून डुलत गेल्या. आणि खांद्याकडची धार, मनगटाएवढी होती ती, बोटाएवढी झाली. मग नुसता ओलावा राहिला. दुपारी भीमा उतरली तसं सीनेचं पाणीपण मोकळं होऊन तिच्या मागं गेलं.

घर राहिलं. विहीर राहिली. वावराचा खारावलेला पट्टा अर्धा गेला आणि गोठ्याची एक भिंत गेली. पाटबंधाऱ्याच्या माणसानं सगळं फिरून बघितलं आणि पहिल्यांदा बसून पाणी प्यायला. मी तेव्हा कुठं खाली टेकले. एवढा वेळ सवडच नव्हती. हसू येत होतं आणि रडूपण येत होतं, चिखलानं भरलेला पदर कुठल्याच कामाचा नव्हता.

जाऊ चुलीवर चहा ठेवत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "माझं चुकलं गं. चारचौघांत तुला बोलले ते पण चुकलं, आणि अडवलं ते पण."

तिनं साखर टाकली, ढवळली. मग म्हणाली, "बेडा अक्का." तोच शब्द. पण ह्या वेळी तिनं माझ्या हातात कप दिला. "तुमी विहिरीपाशी उभ्या होता ते बघितलं मी."

विहीणबाई म्हणाल्या, "मला कुणी कप देणार आहे का, की मी पण कुठे उभी राहू?"

जाण्याआधी त्यांनी आमच्याकडून एक गोष्ट करवून घेतली. त्यांच्या गावात उधाणाच्या दिवसांत बांधावर घरटी एकाची पाळी असते, कुणी मोठा नाही, कुणी सुटत नाही. आम्ही तशीच पाळी लावली. रोहिणी नक्षत्र लागलं की बंधाऱ्यावर जायचं, शेवटच्या दिवसापर्यंत सगळे बर्गे काठावर आले पाहिजेत, पाऊस दिसो न दिसो. मधला एक गाळा मात्र थोडा आधीच मोकळा करायचा, माशांसाठी आणि साठलेला गाळ जाण्यासाठी. पाटबंधाऱ्याच्या माणसानं जुना कागद मला परत दिला. मी त्याच्या पाठीवर हे नवं लिहिलं. पहिली सही जावेला करायला लावली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, ती सातवी शिकलेली. एवढ्या वर्षांत मी तिला कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी बर्गे वेळेवर निघाले. आणि पाऊस? नाहीच आला. मृग कोरडा गेला. आमची पाळी, आमचा कागद, सगळं सगळ्यांना टोचायला लागलं, मला तर रस्त्यातून जाताना लोक विचारायचे, "काय आजी, दाखवता का पाऊस?" पात्रात गोटे दिसायला लागले. पण ह्या खेपेला जावेच्या विहिरीला पाणी होतं, पुरानं तिचे झरे मोकळे केले असावेत. जी विहीर आदल्या वर्षी आम्ही नदीत घालवणार होतो, तीच. एका सकाळी सगळ्या बायका घागरी घेऊन तिच्या दारात. मी शेवटची, मागं. मागं उभी राहायला मी आता शिकलेय.

जाऊ रहाटापाशी उभी होती, कंबरेवर हात. सगळ्यांच्या डोक्यावरून तिनं मला बघितलं.

"अक्का, पुढं या की."

मी गेले.

"आधी पाऊस दाखवा," ती म्हणाली, "मग घागर भरा."

बायका एवढ्या हसल्या की एकीची रिकामी घागर हातातून सुटून गडगडत गेली. जावेनं माझी घागर घेतली, पोहरा सोडला आणि पहिली तीच भरली. पाणी तोंडाला लावून बघितलं मी. पूर्वी त्या विहिरीच्या पाण्याला थोडी खारट चव असायची. त्या दिवशी नव्हती, किंवा मला लागली नाही.